शेजारच्या वावराचा रंग

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. नुसता गेलेला नाही, एकही विषय मागं न ठेवता बाहेर पडलेला. इंजिनिअरिंगची डिग्री मी नांदेडला घेतली. जळकोट तालुक्यातल्या आमच्या घरी ती काचेच्या फ्रेममध्ये समोरच्या खोलीत लावलेली आहे. पाहुणा आला की माय आधी पाणी देते, मग भिंतीकडं बोट करते. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात मी फार शोभून दिसत नाही.

पहिली नोकरी लागली ती नांदेडलाच, मोबाईलचे गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. कंपनी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या तीन खोल्या. घरी फोन करून सांगितलं तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं,

"गेम म्हणजे पोरं बोटं घासत बसतात ते?"

"हाव."

"अन् ते बनवायला इंजिनिअर लागतो?"

"लागतो दादा. लई लागतो."

"मग ठीक हाय," म्हणाले, पण आवाजात ठीक काही नव्हतं.

पहिल्याच दिवशी सरांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, आम्हा दोन नव्या माणसांना समोर बसवून सरळ सांगितलं, "सहा महिने दोघंही शिका. मला ग्राफिक्सला एकच माणूस कायम ठेवायचाय. दुसऱ्याला ठेवायची माझी ऐपत नाही. आत्ताच सांगतो, नंतर तोंड वाकडं करू नका."

दुसरं नवं माणूस म्हणजे ती. धर्माबादची. माझ्याच वयाची. मी विचारलं, "कॉलेज कोणतं?"

"बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडलं. मग चार वर्षं फ्लेक्सच्या दुकानात होते."

"फ्लेक्सच्या?"

"वाढदिवसाचे बॅनर बनवायचे. भावी आमदार, भावी सरपंच. सगळे भावी."

मी हसलो. तिच्या विनोदाला हसलो असं तिला वाटलं असेल. खरं तर मी सुटल्यासारखा हसलो होतो. मनात म्हटलं, ही जागा आपली झाली.

पंधरा दिवस तसंच वाटत राहिलं. मग एके दुपारी ती खिडकीत उभी राहून डबा खात होती. समोर चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाचा मोठा बॅनर होता. म्हणाली, "तो मधला चेहरा व्हॉट्सॲपवरून आलेला हाय. नखाएवढा फोटो असणार. बघ, गालावर चौकोन पडलेत."

मी बघितलं. खरंच गालावर, कपाळावर जिन्याच्या पायऱ्यांसारखे चौकोन होते. तो बॅनर मी आठ दिवस येता-जाता बघत होतो.

"खालून जाणाऱ्याला कळत नाही," ती म्हणाली. "आपण वर हाव, समोरासमोर, म्हणून दिसतंय. मी असते तर आधी जरा धुरकट करून घेतलं असतं. धुरकट चाललं, चौकोन नाही चालत. चौकोन दिसले की माणसाला वाटतं, आपल्याला फसवलं."

एवढंच झालं. पण त्या दिवशी माझा डबा गोड लागला नाही. चार वर्षं मी संगणकावरच्या चित्रांचं गणित शिकलो होतो. चित्र म्हणजे ठिपक्यांची जाळी, प्रत्येक ठिपक्याला एक रंग, सगळं पाठ होतं. आणि रस्त्यावरचा एक गाल मला दिसला नव्हता. तिला दिसला होता.

आमच्याकडं तेव्हा ट्रॅक्टरचा गेम चालू होता. लातूरच्या एका शेतीऔजारांच्या दुकानदारानं तो बनवून घ्यायला दिला होता. गेम साधा: ट्रॅक्टर चालवायचा, नांगरायचं, पेरायचं, माल बाजारात न्यायचा. त्यातली जमीन छोट्या-छोट्या चित्रांच्या तुकड्यांनी बनलेली होती. काळ्या मातीचा एक तुकडा, सोयाबीनचा एक, तुरीचा, उसाचा, डांबरी रस्त्याचा, विहिरीच्या काठाचा. असे चौसष्ट तुकडे एकाच मोठ्या चित्रावर शेजारी-शेजारी मांडायचे आणि गेमला सांगायचं, काळी माती हवी असेल तर तिसऱ्या ओळीतला दुसरा चौकोन उचल. फोन बिचारे हलके असतात. चौसष्ट चित्रं वेगवेगळी उघडण्यापेक्षा एक उघडणं त्यांना सोपं जातं.

ही मांडणी मी केली. एवढी घट्ट केली की दोन तुकड्यांत केसभर फट नाही. चौसष्ट म्हणजे चौसष्ट, एकही ठिपका रिकामा नाही. सर म्हणाले, "काय बसवलंय रे! वीटकाम केल्यासारखं." मला फार बरं वाटलं.

आता मला कळतं की ते मी कॉलेजात शिकलेलो नव्हतो. ते घरून आलं होतं. आमच्या वावराच्या उगवतीला ज्यांची जमीन आहे ते दर वर्षी नांगरताना बांध वीतभर कोरतात. दादांनी त्यावर भांडून बघितलं, मोजणी आणून बघितली. शेवटी त्यांनीही आपल्या बाजूनं बांधाच्या मुळापर्यंत नांगर घालायला सुरुवात केली. आज त्या दोन वावरांत बांध म्हणून काही उरलेलं नाही, नुसता एक दगड आहे. "मोकळी जागा सोडली की गेली," हे दादांचं म्हणणं मी लहानपणापासून ऐकत आलो. रिकामी जागा दिसली की माझ्या जिवाला घोर लागतो. भाकरीच्या ताटातसुद्धा लागतो.

तर पाच महिन्यांत गेम तयार झाला, फोनवर नीट चालला. आणि मग दुकानदाराचा फोन आला. लातूरला कृषी प्रदर्शन भरणार होतं. तिथं त्याला स्टॉलवर माणसाच्या उंचीचा स्क्रीन लावायचा होता, समोर खरं स्टिअरिंग, आणि येणाऱ्या शेतकऱ्यांनी आमचा ट्रॅक्टर चालवायचा. सरांनी लगेच होकार दिला. मग आम्ही ऑफिसातल्या मोठ्यात मोठ्या मॉनिटरवर गेम लावला आणि सगळ्यांचे चेहरे पडले. फोनवर मखमलीसारखं दिसणारं सोयाबीन तिथं हिरव्या विटांचा ढीग झालं होतं. काळी माती म्हणजे फरशी.

"हे असं दाखवलं तर तो मला गावातून हाकलील," सर म्हणाले. "बारा दिवस आहेत. गुळगुळीत करा. जो करील, त्याचं मी लक्षात ठेवीन."

माझ्याकडं बघून म्हणाले की तिच्याकडं, ते नक्की आठवत नाही. मला ते माझ्याकडंच बघून म्हणाले असं वाटलं.

हे काम मला येत होतं. चित्र मोठं केलं की चौकोन का दिसतात? कारण स्क्रीनवरच्या प्रत्येक जागेला गेम विचारतो, "तुझ्या सगळ्यात जवळचा ठिपका कोणता?" आणि त्या एकाच ठिपक्याचा रंग जसाच्या तसा उचलून लावतो. दहा जागांना तोच ठिपका जवळचा असेल तर दहाही जागा एकाच रंगाच्या. झाला चौकोन. त्यावर उपाय हा की एकाला विचारायचं नाही, भोवतालच्या चौघांना विचारायचं. जो जवळ, त्याचा रंग जास्त घ्यायचा. जो लांब, त्याचा कमी. चौघांचं मिसळून जे येईल ते लावायचं. मग एका ठिपक्यातून दुसऱ्यात रंग पायरी न पडता उतरत जातो. याला बायलिनियर फिल्टरिंग म्हणतात. मी ते अर्ध्या दिवसात चालू केलं.

विटा विरघळल्या. खरंच विरघळल्या. सर खुर्चीतून उठून जवळ आले. "वा रे पठ्ठ्या," म्हणाले. मी जिन्यात जाऊन घरी फोन लावला. दादांना काय सांगायचं ते सुचेना, म्हणून मायला सांगितलं, "सर खूश हायेत." माय म्हणाली, "मग पक्कं झालं?" मी म्हटलं, "होईल आता."

परत आलो तर ती माझ्या खुर्चीमागं उभी होती. हाताची घडी घातलेली.

"जवळचं झालं," म्हणाली. "लांबचं बघ."

"काय झालं लांबच्याला?"

"मुंग्या लागल्यात."

ट्रॅक्टर पुढं गेला की लांबच्या वावरातल्या सऱ्या थरथरत होत्या, चमकत होत्या, खरोखर मुंग्यांची रांग चालल्यासारख्या. मी म्हटलं, "चालतंय. तिकडं कोण बघतंय?"

"सगळे तिकडंच बघतेत. ट्रॅक्टरवर बसलेला माणूस चाकाखाली बघतो का?" ती खाली बसली. "हे बघ, दुकानात लोक यायचे, एकच फोटो घेऊन. म्हणायचे, ह्याचाच दहा फुटी बॅनर काढ अन् ह्याचंच कार्ड काढ. मोठा फोटो तसाच बारीक केला की त्याच्यातली बारीक नक्षी अशीच किडबिडते. कार्डासाठी वेगळा काढावा लागतो, आधीच साधा करून. लांबच्या वावराला बारकं, साधं चित्र दे की. जवळच्याला मोठं. मधल्याला मधलं."

 ती जे सांगत होती त्याला नाव आहे. मिपमॅप. एकाच चित्राच्या आधीच तयार करून ठेवलेल्या लहान-लहान प्रती: निम्मी, तिच्या निम्मी, तिच्या निम्मी. जेवढं लांब तेवढी लहान प्रत वापरायची. शेवटच्या वर्षाच्या पेपरात यावर चार मार्कांचा प्रश्न होता आणि मला चारपैकी चार पडले होते. तिनं ते नाव कधी ऐकलंच नव्हतं. ती नुसती बसल्या जागी, फ्लेक्सच्या दुकानातनं, तिथं येऊन पोचली होती. मला ते इतकं झोंबलं की मी उठून पाणी भरायला गेलो, बाटली भरलेली असताना.

दुसऱ्या दिवशी ती दोन दिवसांच्या सुट्टीवर धर्माबादला गेली. घरी काही तरी कार्य होतं. ती गाडीत बसली असेल नसेल, मी मिपमॅप तयार केले, लावले आणि सरांना बोलावलं. सऱ्या शांत झाल्या होत्या. वावर क्षितिजापर्यंत गुमान पसरलं होतं.

"कसं सुचलं हे?" सरांनी विचारलं.

"अभ्यासात होतं सर," मी म्हटलं.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते जास्त वाईट होतं.

ती परत आली, मॉनिटरकडं बघितलं, मग माझ्याकडं. सर बाहेर गेले होते.

"लावलंस?"

"हाव. मिपमॅप म्हणतेत त्याला."

"म्हणतेत का. अन् सरांना काय म्हणलास?"

मी स्क्रीनकडं बघत राहिलो.

"काय म्हणलास ते विचारायले मी."

"सर म्हणाले कसं सुचलं, मी म्हणलो अभ्यासात होतं. होतंच अभ्यासात."

"होतं ना? मग परवा मी बोलायच्या आधी का नाही सुचलं? तेव्हा तर 'तिकडं कोण बघतंय' म्हणत होतास." तिनं ओढणीनं चष्मा पुसला. "तुला एक सांगू का इंजिनिअर साहेब, भावी आमदार बरे. ते फोटो तरी स्वतःचा लावतात."

  मी खजील झालो असं कुणी समजू नये. मला तिचा राग आला. तिच्या जिभेचाही हेवा वाटला. असं वाक्य मला दोन दिवस विचार करूनही सुचलं नसतं.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं पुन्हा माझ्या मॉनिटरकडं बोट केलं. "काळ्या मातीच्या कडेला हिरवं यायलंय."

"कुठं?"

"रेघ हाय बारीक. सोयाबीनचा रंग. अन् हितं विहिरीच्या काठाला डांबराची रेघ."

रेघ दिसत होती. मला दिसली होती, चार दिवसांपूर्वीच. मी स्वतःला सांगितलं होतं की मॉनिटरचा दोष आहे.

"तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला," मी म्हटलं.

"ऐक तर. फ्लेक्स काढताना आम्ही चारी बाजूंनी दोन इंच जादा—"

"हे फ्लेक्स नाही."

ती थांबली. मग म्हणाली, "बरं. तुझं वावर, तू बघ."

आम्ही सरांच्या गाडीतनं लोहा, अहमदपूर करत लातूरला गेलो. कॉम्प्युटर माझ्या मांडीवर होता, चादरीत गुंडाळलेला. ती पुढं बसून सरांशी बोलत होती आणि सर हसत होते. रस्ताभर मला एकच वाटत राहिलं, हे लोक कशावर हसायलेत.

स्टॉल चांगला होता. एका बाजूला पेरणीयंत्र, दुसऱ्या बाजूला फवारणीचे पंप, मधे आमचा स्क्रीन. सकाळी दहाला लोक आत यायला लागले. स्टिअरिंगवर पहिला बसला तो एक पटकेवाला म्हातारा, उदगीरकडचा. त्याच्यामागं पंधरा-वीस जण. ट्रॅक्टर सुरू झाला, लोक वा वा करायला लागले. म्हाताऱ्यानं नांगर खाली घेतला, काळ्या मातीत एक सरी ओढली आणि वावराच्या कडेला आला तसा थांबला.

"हे काय हाय?" त्यानं काठी उचलून स्क्रीनला लावली.

मॉनिटरवर केसाएवढी असलेली रेघ तिथं बोटाएवढी झाली होती. काळ्याभोर वावराच्या चारी कडांना हिरवी किनार. विहिरीला डांबराची. उसाला मातीची.

"शेजाऱ्यानं बांध कोरून आत पेरलंय की राव!" मागून कुणी तरी ओरडलं आणि सगळा घोळका हसला.

"मोजणी आणा, मोजणी!"

"मालक, तुमच्या ट्रॅक्टरसंगट वकील पण देता का?"

दुकानदारही हसला, पण दातांनीच. मग सरांना बाजूला घेऊन म्हणाला, "हे दुपारपर्यंत नीट करा, नाहीतर स्क्रीन बंद करतो. माझं हसू करून घ्यायला मी जागा घेतलेली नाही."

सर माझ्याकडं आले. "काय आहे हे?"

"बघतो सर."

बघतो म्हणजे काय, मला कळत नव्हतं. रंगांची मिसळण बंद केली तर रेघा गेल्या, पण विटा परत आल्या. चालू केली की रेघा आल्या. मिपमॅप काढले तर रेघा बारीक झाल्या, पण लांबच्या वावराला मुंग्या लागल्या. तासभर मी हे बंद कर, ते चालू कर असं करत होतो. स्टॉलच्या पडद्याआड बियाण्याच्या पिशव्यांवर बसून, मांडीवर कीबोर्ड घेऊन. ती समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून शेंगा खात होती.

कशामुळं होतंय ते मला एव्हाना समजलं होतं. चौघांना विचारून रंग मिसळायचा, पण मातीच्या तुकड्याच्या अगदी कडेला चौघांपैकी दोघं शेजारच्या तुकड्यातले निघतात. सोयाबीनवाले. गेमला काय माहीत कुणाची हद्द कुठं संपते? तो त्यांचाही रंग घेतो. माझी मांडणी इतकी घट्ट होती की शेजाऱ्याचा रंग सरळ आत येत होता. पण उपाय सुचेना. तुकड्यांत फट सोडली तर फटीचाच रंग आत येईल, मग रेघ हिरवी न येता पांढरी येईल.

"तुला येतं का हे?" मी शेवटी विचारलं. मान वर न करता.

"येतं."

"सांग मग."

"सरांसमोर विचार."

मी वर बघितलं. ती टरफलं कागदात गोळा करत होती.

"आत्ता सांग ना. वेळ नाही."

"वेळ हाय. बाराच वाजलेत. मागल्या वेळेला तुला एकट्याला सांगितलं मी. या वेळेला सरांसमोर विचार, लगेच सांगते. नाहीतर तू इंजिनिअर हायेस, काढ तोडगा. मी कुणाला काही बोलणार नाही."

मी आणखी वीस मिनिटं बसलो. ती वीस मिनिटं मला नीट आठवतात. मी रेघांचा विचार करतच नव्हतो. मी विचार करत होतो की सरांना हाक मारली तर जागा गेली. मायला काय सांगायचं? डिग्री भिंतीवर आहे आणि जागा फ्लेक्सवालीला गेली? आणि त्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती जास्त टोचत होती. मला वाटत होतं, हिला खरंच येत नसावं. देवा, हिला येत नसू दे. मग दुकानदार स्क्रीन बंद करील, आम्ही दोघंही बुडू, पण बरोबर बुडू.

असा विचार आपण करतोय हे ऐकू आलं तेव्हा मी उठलो.

"सर," मी पडदा बाजूला करून हाक मारली. सर आले. "हे मला जमत नाही. हिला येतं. आणि लांबच्या वावराचं, ते लहान प्रतींचं, तेही हिनंच सांगितलं होतं. मला नाव माहीत होतं, सुचलं हिला."

सरांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आधी काम करा."

ती खुर्ची ओढून जवळ आली. एकदम कामाच्या आवाजात बोलायला लागली, जणू मघाशी काही झालंच नव्हतं.

"बॅनर फ्रेमवर ताणायचा असतो. म्हणून चारी बाजूंनी दोन इंच कापड जादा काढतात. पण ते कोरं नाही काढत. कडेचा जो रंग असेल तोच पुढं ओढतात. आकाश असेल तर आकाशच. कापताना हात इकडंतिकडं झाला तरी पांढरं दिसत नाही. तसंच करायचं. प्रत्येक तुकडा वेगळा ठेव, अन् त्याच्या कडेचा रंग त्याच्याच बाहेर चारी बाजूंनी ओढ. मग शेजारी कोण हाय ह्याचा प्रश्नच नाही. चौघांना विचारलं तरी चौघं घरचेच निघतात."

"बसणार नाही पण," मी म्हटलं. "चौसष्ट तुकडे गच्च भरलेत. मोकळी जागा कुठाय?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "कागद मोठा घे की. हे फोनवर कुठं चालायलंय आता? एवढा मोठा कॉम्प्युटर मांडीवर आणलास ना? कुणासाठी जागा वाचवून राहिलास?"

सर हसले. मीही हसलो असतो, दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर.

मग आम्ही बसलो. तिनं एकेक तुकडा सुटा करून मोठ्या चित्रावर लांब-लांब मांडला आणि त्याच्या कडा ओढल्या. मातीभोवती माती, उसाभोवती ऊस. लहान प्रती किती लहान होऊ द्यायच्या यावर आमचं भांडण झालं. लहान होताना मोकळी जागाही लहान होत जाते आणि शेवटी शेजारी पुन्हा चिकटतो, हे मी दाखवलं. ती म्हणाली, "मग तिथं थांबव." मी तिथं थांबवलं. नव्या मांडणीप्रमाणं कोणता तुकडा कुठं आहे हे सगळं मी पुन्हा लिहिलं. एक चूक केली, विहिरीत ऊस उगवला. ती म्हणाली, "पाणी हाय तिथं, येईल चांगला." मला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला.

अडीच वाजता स्क्रीन पुन्हा लावला. काळं वावर काळंच होतं, कडेपर्यंत.  हसायला काही उरलंच नव्हतं. लोक रांगेत उभे राहून ट्रॅक्टर चालवत होते. दुकानदारानं आम्हाला चहा पाठवला, सात कप, आम्ही तिघंच होतो तरी.

परत नांदेडला आल्यावर दोन दिवसांनी सरांनी मला आत बोलावलं. "जागा तिला दिली," म्हणाले. "तुला समजलं असेलच."

"हो सर."

"तू खरं बोललास म्हणून तुला ठेवायचं, असं मी करत नाही. ते आठ-दहा दिवस उशिरा बोललास. पण ती म्हणते, मांडणीचा हिशेब लिहायला तिला माणूस लागतो. दुकानदारानं पुढचा गेम दिलाय, तेवढ्यापुरतं बघू. तिच्या हाताखाली काम करशील का? विचार करून सांग."

मी गावी गेलो. दादा अंगणात दावी वळत बसले होते. सांगितलं.

"त्या पोरीची डिग्री काय?"

"न्हाई तिच्याकडं डिग्री."

दादांचे हात थांबले. "मग तिला कसं काय येतं?"

"बघून येतं."

"अन् तुला?"

"मला वाचून येतं."

दादा पुन्हा दावं वळायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "मग जा की. दोन्ही लागत असंल त्यांना." त्यांनी हे समजूत काढायला म्हटलं की कंटाळून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.  त्या आठवड्यात पाहुणे आले तेव्हा मायनं भिंतीकडं बोट केलं नाही. ते मी बघितलं.

सोमवारी मी नांदेडला परत गेलो.

या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली. मी अजून तिथंच आहे. तेवढ्यापुरतं होतं ते कायम झालं, तिच्यानंतर वर्षानं. आता आम्ही बऱ्यापैकी काम करतो. माझ्या गणितानं ती एक-दोनदा चकित झालेली मी पाहिली आहे आणि ते दिवस मी मोजून ठेवले आहेत. हेवा गेला का, असं कुणी विचारलं तर नाही गेला. ती अजूनही एखाद्या चित्राकडं मान तिरकी करून बघते आणि जे मला दोन तासांनी सापडणार असतं ते तिला तिथंच दिसतं. 

"ए, हिकडं ये, हे बघ," ती तिच्या टेबलावरून हाक मारते. मी लगेच उठत नाही. आधी बाटली उघडतो, सावकाश दोन घोट पाणी पितो, झाकण नीट फिरवून लावतो. तिला हे कळतं. परवा म्हणाली, "तहान भागली का साहेब?"

"भागली," मी म्हटलं, आणि जाऊन बघितलं. तिचंच बरोबर होतं.